अवेळी आलेला पाहुणा

'स्टेशन' हा शब्द कानावर पडला की आज आपल्या डोळ्यांसमोर रूळ येतात, सिग्नल येतो, हिरवी बावटी घेतलेला स्टेशनमास्तर येतो. पण आगगाडी येण्यापूर्वीही स्टेशने होतीच. आपल्याकडे त्यांना 'टप्पा' म्हणत. टपालाचे घोडे आणि टांगे जिथे बदलायचे ती जागा म्हणजे टप्पा. आज मी तुम्हांला अशाच काही टप्प्यांवर घेऊन जाणार आहे. मात्र ते आपल्या मुलखातले नाहीत, रशियातले आहेत. तिथे हिवाळ्याची रात्र आहे, बाहेर बर्फाचे वादळ घोंघावते आहे, आणि दारावर थाप पडते आहे. बाहेर कोण उभे आहे हे आतल्या माणसाला ठाऊक नाही. दार तर उघडायचे आहे. आजचे सगळे बोलणे या एका क्षणाविषयी आहे.

आधी त्या टप्प्याची व्यवस्था समजून घेऊ. रशियासारख्या अफाट देशात राजधानीचा हुकूम टोकाच्या गावापर्यंत पोहोचवायचा, तर रस्त्यावर ठिकठिकाणी ताजे घोडे हवेत. म्हणून सरकारने मोठ्या रस्त्यांवर थोड्या थोड्या अंतरावर टप्पे बांधले. एक लाकडी घर, मागे तबेला, दोनचार गाडीवान आणि या सगळ्यांवर एक टप्पेदार. प्रवासी आला की त्याने आपला परवाना दाखवायचा. त्या परवान्यावर त्याचे नाव, हुद्दा आणि त्याला किती घोडे द्यावेत हे लिहिलेले असे. टप्पेदाराने ते वहीत नोंदवायचे आणि घोडे जोडून द्यायचे.

ऐकायला काम सोपे वाटते. पण हा टप्पेदार म्हणजे सरकारी शिडीवरची अगदी शेवटची पायरी. पीटर दि ग्रेट या बादशहाने १७२२ साली सरकारी नोकरांच्या चौदा श्रेणी ठरवून दिल्या होत्या. टप्पेदार त्यातल्या चौदाव्या श्रेणीचा. घोडे संपले की शिव्या खायच्या त्याने. रस्ता खराब, हवा वाईट, गाडीवान हट्टी, सगळ्यांचा राग निघायचा त्याच्यावर. वरून हुकूम आणि समोरून चाबूक, अशी त्याची अवस्था. आपल्या गावोगावच्या लहान नोकरदारांना हे वर्णन फारसे परके वाटू नये.

आता हवेचे सांगतो. आपल्याला पाऊस माहीत आहे, पूर माहीत आहे. बर्फाचे वादळ बहुतेकांनी पाहिलेले नाही. रशियाच्या दक्षिणेला आणि पूर्वेला स्टेप नावाची गवताळ मैदाने पसरलेली आहेत. शेकडो कोस सपाट जमीन, ना डोंगर, ना झाड. तिथे वारा सुटला की वरून पडणारे बर्फ आणि खालून उडणारे बर्फ एक होते. आभाळ कुठे संपले आणि जमीन कुठे सुरू झाली ते कळत नाही. रस्ता तर घटकाभरात बुजतो. घोडा आपल्याच मागावर गोल गोल फिरत राहतो. माणूस थकून बसला, जरा डोळा लागला, की गारठून तिथेच संपला. असे वादळ तिकडे 'बुरान' या नावाने ओळखतात.

लिओ टॉल्स्टॉय तरुणपणी सैन्यात होता. १८५४ सालच्या जानेवारीत कॉकेशसमधून घरी परतताना तो अशाच एका वादळात सापडला आणि रात्रभर वाट चुकून भटकत राहिला. त्या रात्रीवरून त्याला एक कथा सुचली. 'हिमवादळ' या नावाने ती १८५६ साली प्रसिद्ध झाली. सांगायचे एवढेच, की तिथल्या लेखकांनी वादळ खिडकीतून पाहून लिहिलेले नाही. वादळात दूर एखादा दिवा दिसणे म्हणजे काय, आणि त्या दिव्याखालचे दार उघडणे म्हणजे काय, हे त्यांनी अंगावर घेतलेले होते.

अशा दारावर आलेले तीन प्रवासी मी तुमच्यापुढे उभे करतो. पहिले दोघे अलेक्झांडर पुश्किनच्या लेखणीतले आहेत. तिसरा इतिहासातला आहे.

पुश्किनने १८३० सालच्या शरद ऋतूत 'टप्पेदार' नावाची एक छोटी कथा लिहिली. त्या वेळी कॉलऱ्याच्या साथीमुळे रस्ते बंद होते आणि तो बोल्दिनो या आपल्या खेड्यात अडकून पडला होता. कथेतल्या टप्पेदाराचे नाव सामसन विरीन. बायको वारलेली, घरात एकुलती एक मुलगी, दून्या. घर स्वच्छ, खिडकीत फुलझाडांच्या कुंड्या, भिंतीवर चित्रे. घर सोडून गेलेला आणि पश्चात्ताप होऊन परत आलेला मुलगा, ही बायबलातली गोष्ट त्या चित्रांत होती. मुलगी मोठी हुशार. रागावलेला प्रवासी तिच्या दोन शब्दांनी शांत व्हायचा. बापाला तिचा कोण अभिमान!

एका हिवाळ्याच्या संध्याकाळी बाप नव्या वहीवर रेघा आखत बसला आहे, मुलगी आत शिवणकाम करते आहे. तेवढ्यात गाडी थांबते. लष्करी कोट, अंगावर शाल, डोक्यावर केसाळ टोपी, असा एक प्रवासी आत येतो आणि घोडे मागतो. घोडे सगळे बाहेर गेलेले. झाले! आवाज चढतो, चाबूक वर जातो. दून्या बाहेर येते आणि गोड शब्दांत जेवणाचे विचारते. राग क्षणात मावळतो. टोपी निघते, कोट निघतो, आणि आत असतो घोडदळातला एक देखणा तरुण अधिकारी. त्याचे नाव मिन्स्की.

रात्री घोडे परत येतात, तर हा आजारी पडतो. टप्पेदार आपला स्वतःचा बिछाना त्याला देतो. दुसऱ्या दिवशी वैद्य येतो, नाडी पाहतो, आजाऱ्याशी परक्या भाषेत काही बोलतो, पैसे घेतो आणि विश्रांतीची गरज आहे असे सांगून जातो. आणखी एका दिवसाने पाहुणा ठणठणीत बरा. तो दिवस रविवारचा. दून्या प्रार्थनेला निघालेली. गावाच्या टोकाला देऊळ आहे, तिथवर गाडीतून सोडतो, असे मिन्स्की म्हणतो. मुलगी बिचकते. आणि बाप काय करतो? तो स्वतःच तिला सांगतो, की साहेब काही लांडगा नव्हे, जा, बस.

ती परत येत नाही. आजार खोटा होता. वैद्याला पैसे दिलेले होते. बाप रजा काढतो आणि पायी चालत पीटर्सबर्गला जातो. अधिकारी त्याच्या बाहीत नोटा कोंबतो आणि त्याला बाहेर काढतो. म्हातारा त्या नोटा रस्त्यावर फेकतो, टाचेने चिरडतो, चालू लागतो. थोड्या वेळाने मागे वळून पाहतो, तर नोटा गेलेल्या! शेवटी तो दारूला लागतो आणि मरतो. पुढे कधीतरी एक श्रीमंत स्त्री सहा घोड्यांच्या गाडीतून येते, बरोबर तीन लहान मुले, आणि त्या ओसाड कबरीवर कितीतरी वेळ पडून राहते.

श्रोतेहो, ही कथा ऐकली की पहिला विचार मनात येतो तो असा : बघा, परक्याला घरात घेतले, त्याचे हे फळ. चावडीवर, पारावर हेच बोलतील सगळे. पण जरा थांबा. विरीनची चूक कोणती? थंडीत आलेल्या माणसाला अंथरूण दिले ही? मुळीच नाही. आजारी माणसाला अंथरूण द्यायलाच हवे होते. तो फसला तो दुसऱ्याच ठिकाणी. तो कोटाला फसला. समोर भरजरी गणवेश होता, हुद्दा होता, चाबूक होता. चौदाव्या श्रेणीचा माणूस वरच्या श्रेणीपुढे असा दिपून गेला, की स्वतःच्या मुलीचे बिचकणेसुद्धा त्याला दिसले नाही. मुलीला शंका आली होती, बापाने ती पुसून टाकली. हाच प्रवासी फाटक्या कपड्यांत आला असता, तर विरीनने मुलीला त्याच्या गाडीत बसवले असते का? विचार करून पाहा.

आता दुसरा प्रवासी. हा फाटक्या कपड्यांतच येतो.

पुश्किनची 'कप्तानाची मुलगी' ही कादंबरी १८३६ साली प्रसिद्ध झाली. ती लिहिण्यापूर्वी, १८३३ साली, तो थेट ओरेनबर्गच्या मुलखात जाऊन आला होता. साठ वर्षांपूर्वी तिथे मोठे बंड झाले होते. येमेल्यान पुगाचोव्ह नावाच्या एका कोसॅकाने, मीच मेलेला बादशहा तिसरा पीटर आहे, असे जाहीर करून हजारो शेतकऱ्यांना आणि कोसॅकांना उठवले होते. त्या काळच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसे पुश्किनने शोधून काढली, त्यांच्याशी तो बोलला, आणि बंडाचा इतिहासही त्याने वेगळा लिहिला.

कादंबरीचा नायक ग्रिन्योव्ह हा जमीनदाराचा मुलगा, मिसरूडही न फुटलेला. बाप त्याला शिस्त लागावी म्हणून दूरच्या सरहद्दीवर नोकरीला पाठवतो. बरोबर सावेलिच नावाचा जुना नोकर. लहानपणापासून सांभाळलेले, म्हणून बोलण्याचा अधिकार गाजवणारा. आपल्याकडच्या वाड्यांतून असे गडी असत, ते मालकालाही दटावत.

वाटेत गाडीवान क्षितिजावरचा एक पांढरा ढग दाखवतो आणि म्हणतो, मागे फिरू या, वादळाची खूण आहे. पोराला घाई. तो म्हणतो, पुढच्या टप्प्यापर्यंत पोहोचू, चल. आणि मग व्हायचे ते होते. रस्ता बुजतो, घोडे थांबतात, सगळीकडे धुरकट अंधार. इतक्यात काहीतरी काळे दिसते. झाड की लांडगा? जवळ गेल्यावर कळते, माणूस आहे.

त्या माणसाला वाट विचारतात. तो शांतपणे सांगतो, की मी उभा आहे ती जमीन टणक आहे, पण रात्री त्याचा काय उपयोग? मग थोड्या वेळाने अचानक म्हणतो, अमुक बाजूला गाडी घाला, वस्ती जवळ आहे. कशावरून? तर वारा तिकडून आला आणि त्याबरोबर धुराचा वास आला. श्रोतेहो, हे वाचताना मला नेहमी आपला गुराखी आठवतो. आभाळाकडे न बघता, नुसत्या वाऱ्याच्या अंगावर येण्याने पाऊस सांगणारा! शिकलेल्या पोराला नकाशा माहीत आहे, पण वाट त्याला माहीत आहे ज्याच्या अंगावर धड कपडा नाही.

ते माळावरच्या एका एकाकी खाणावळीत पोहोचतात. उजेडात दिसते, की वाटाड्याच्या अंगात पातळ, फाटका डगला आहे. मेंढीच्या कातड्याचा कोट होता, पण तो आदल्या दिवशी दारूपायी गहाण पडला. खाणावळवाल्याशी तो काही खुणेच्या भाषेत बोलतो, ते पोराला उमगत नाही. सावेलिचला मात्र संशय येतो, हा चोर तरी असावा नाहीतर दरोडेखोर.

सकाळी वादळ ओसरते. ग्रिन्योव्ह म्हणतो, याला बक्षीस म्हणून अर्धा रूबल दे. सावेलिच नाही म्हणतो. बरे तर, माझा सशाच्या कातड्याचा कोट दे. सावेलिच कपाळावर हात मारून घेतो. नवा कोट! हा कुत्रा पहिल्याच गुत्त्यात पिऊन टाकील! पण पोर ऐकत नाही. कोट त्या आडदांड माणसाला घट्ट होतो, शिवणी उसवतात, पण तो खूश होऊन जातो.

तो माणूस म्हणजे पुगाचोव्ह. काही महिन्यांनी तो सैन्य घेऊन त्याच किल्ल्यावर चालून येतो जिथे ग्रिन्योव्ह नेमलेला आहे. किल्ला पडतो. अधिकारी फासावर जातात. ग्रिन्योव्हच्या गळ्यात दोर पडलेला असताना सावेलिच धावत येऊन बंडखोराच्या पायांवर लोळण घेतो, आणि दोर निघतो. पोराला पुढे कळते, की वाचवले ते त्या कोटाने.

इथे पुश्किनने एक मोठी गंमत केली आहे. सावेलिच बंडखोरांनी लुटलेल्या सामानाची यादी करून चक्क पुगाचोव्हच्या हातात देतो, आणि त्या यादीत सशाच्या कोटाचे पंधरा रूबलही लावतो! त्याच्या दृष्टीने तो कोट म्हणजे हिशेबातली खोट. त्याच कोटाने मालकाचा जीव वाचला, हे डोळ्यांनी पाहूनही म्हाताऱ्याची वही काही बदलत नाही.

पण या गोष्टीचे तात्पर्य 'द्या म्हणजे मिळेल' असे कोणी काढू नये. शाळेत आपण मुलांना सिंह आणि उंदराची गोष्ट सांगतो आणि खाली तात्पर्य लिहून घेतो, की उपकाराची फेड होते. गुरुजनांनो, मला वाटते इथे थोडे पुढे जायला हवे. ग्रिन्योव्हने फेड होईल म्हणून कोट दिला नव्हता. तसा विचार करणाऱ्याने तो कधीच दिला नसता, कारण त्या भणंग माणसाकडून मिळण्यासारखे काहीच दिसत नव्हते. त्याने फक्त पाहिले, की समोरच्या माणसाला थंडी वाजते आहे आणि त्याने आपल्याला वाट दाखवली आहे. एवढेच. आणि पुगाचोव्ह काही देवमाणूस झाला नाही. त्याने निरपराध्यांना फासावर दिले, आणि १७७५ सालच्या जानेवारीत मॉस्कोत त्याचाही शिरच्छेद झाला. एक कोट दिल्याने क्रूर माणूस साधू होत नाही. पण त्या क्रूर माणसातही कुठेतरी माणुसकीची आठवण होती, आणि ती जागवली एका कोवळ्या पोराने, तो कोण आहे हे न विचारता.

या दोन गोष्टी एकाशेजारी एक ठेवून पाहा. भारी कोटातला माणूस विश्वासघात करून गेला. फाटक्या डगल्यातला माणूस उपकार स्मरून राहिला. आणि आपण? आपण नेमके उलट वागतो. गाडीतून उतरलेल्या, इस्त्रीच्या कपड्यांतल्या माणसाला आपण खुर्ची देतो, चहा देतो, त्याने पुढे केलेल्या कागदावर अंगठा किंवा सही देऊन मोकळे होतो. पायी आलेल्या, मळक्या कपड्यांतल्या माणसाकडे मात्र आपण संशयाने पाहतो. किती कुटुंबे अशा इस्त्रीच्या कपड्यांना फसून जमिनीला आणि ठेवींना मुकली असतील!

आणि संशयाने काय होते तेही आपण पाहिले आहे. २०१८ सालच्या १ जुलैला धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी पाच माणसे आली. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा रिवाज. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. जमावाने या पाचांना धरले आणि मारहाण करून त्यांचा जीव घेतला. तिथे बर्फ नव्हते. वादळ होते ते माणसांच्या डोक्यात. रस्ता बुजला, दिशा हरवली, आणि समोर दिसणारे माणूस आहे की लांडगा हे कोणी जवळ जाऊन पाहिले नाही.

म्हणून मला त्या टप्पेदाराची वही महत्त्वाची वाटते. मी असे म्हणत नाही, की डोळे मिटून कोणालाही घरात घ्या. परवाना पाहणे, नाव लिहून घेणे हे टप्पेदाराचे कामच होते. नाव विचारणे हा काही अपमान नव्हे. आपल्या गावातही अनोळखी माणूस आला, तर त्याला बसवावे, पाणी द्यावे, गाव कोणते, काम काय ते विचारावे, पोलीसपाटलाला कळवावे. पाणी आधी, चौकशी मागून. आणि हे दोन्ही नियम सुटाबुटातल्याला आणि फाटक्यातल्याला सारखेच लावावेत. सावधगिरी आणि माणुसकी यांचे वैर नाही. वैर आहे ते भीतीचे आणि माणुसकीचे.

आता तिसरा प्रवासी. ही कथा नाही, घडलेली हकीकत आहे.

१९१० साल. तारखा मी आजच्या पंचांगाप्रमाणे सांगतो. त्या वेळचे रशियन पंचांग तेरा दिवस मागे होते. १० नोव्हेंबरच्या पहाटे, अंधारात, ८२ वर्षांचे टॉल्स्टॉय आपले यास्नाया पोल्याना येथील घर सोडून निघाले. तेच, जे तरुणपणी वादळात रात्रभर भटकले होते. आता सारे जग त्यांना ओळखत होते. पण आपल्या विचारांत आणि जमीनदारी थाटाच्या घरात मेळ बसत नाही, हे शल्य त्यांना वर्षानुवर्षे टोचत होते. घरात मृत्युपत्रावरून आणि ग्रंथांच्या हक्कांवरून कलह होता. बरोबर फक्त त्यांचे डॉक्टर, दुशान माकोवित्स्की. वाटेत एका गाडीत ते तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसले. डबा गच्च भरलेला, धुराने कोंदलेला, म्हणून म्हातारा बाहेर डब्याच्या सज्जावर गार वाऱ्यात जाऊन उभा राहिला. मठात राहणाऱ्या बहिणीची भेट घेतली आणि मग ते दक्षिणेकडे निघाले. मुलगी अलेक्झांड्रा तोवर येऊन मिळाली होती. पण गाडीतच ताप चढला. फुप्फुसाचा दाह सुरू झाला होता. पुढचा प्रवास शक्य नव्हता. १३ तारखेच्या संध्याकाळी त्यांना वाटेतल्या एका स्टेशनावर उतरवावे लागले. ते स्टेशन म्हणजे अस्तापोवो.

आडबाजूचे लहानसे स्टेशन. आजाऱ्याला ठेवण्यासारखे हॉटेल तिथे नव्हते. डॉक्टर स्टेशनमास्तरकडे गेले. त्याचे नाव इव्हान ओझोलिन. डॉक्टरांनी सांगितले, गाडीत टॉल्स्टॉय आहेत, आजारी आहेत, आसरा हवा. स्टेशनमास्तराने आपले राहते घर त्यांना दिले.

तुम्ही म्हणाल, इथे नाव तर कळले होते, मग परीक्षा कसली? परीक्षा होतीच, पण निराळी. १९०१ साली रशियाच्या धर्मपीठाने टॉल्स्टॉय यांना बहिष्कृत केले होते. सरकारचा त्यांच्यावर डोळा होता. अशा माणसाला घरात घेणारा हा रेल्वेचा एक साधा नोकर. तोही शिडीच्या खालच्याच पायरीवरचा. 'वरिष्ठांना विचारून सांगतो' असे म्हणून त्याला वेळ काढता आला असता. पण आजारी माणूस फलाटावर वाट पाहत होता, आणि त्याने दार उघडले.

मग त्या एवढ्याशा स्टेशनावर सगळे जग लोटले. वार्ताहर आले, तारांचा पाऊस पडला, चलच्चित्राचे यंत्र आले, पोलीस आले, मठातून धर्मगुरू आले. पत्नी सोफिया स्वतंत्र गाडीने आली, पण आजाऱ्याला धक्का बसेल म्हणून तिला अखेरची घटका येईपर्यंत आत सोडले नाही. ती बाई खिडकीतून डोकावत बाहेर उभी राहिली. तिच्या दुःखाचाही हिशेब कोणीतरी मांडायला हवा. २० नोव्हेंबरला सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी टॉल्स्टॉय गेले. पुढे १९१८ साली त्या स्टेशनाला 'लेव्ह टॉल्स्टॉय' हे नाव मिळाले. स्टेशनावरचे घड्याळ त्याच वेळेवर थांबवून ठेवले आहे.

आपल्याशीही या घटनेचा धागा जुळतो. त्याच १९१० साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ गांधीजींनी सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी एक वसाहत सुरू केली आणि तिला टॉल्स्टॉय यांचेच नाव दिले. घर सोडण्याच्या दोनच महिने आधी टॉल्स्टॉय यांनी गांधीजींना एक मोठे पत्र लिहिले होते. जबरदस्तीच्या कायद्यापेक्षा प्रेमाचा कायदा श्रेष्ठ, हा त्याचा गाभा होता. तो कायदा अस्तापोवोच्या स्टेशनमास्तराने अमलात आणला, असे म्हणायला हरकत नाही.

त्या आजारपणातली एक गोष्ट मात्र मला सगळ्यांत मोलाची वाटते. भोवती डॉक्टर, मुले, मित्र यांची धावपळ चाललेली पाहून टॉल्स्टॉय यांनी, जगात एवढी माणसे आहेत आणि तुम्ही एकट्या लेव्हकडेच पाहत बसला आहात, अशा अर्थाचे उद्गार काढले. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला आठवण झाली ती ज्यांच्यासाठी तारा येत नाहीत, यंत्रे येत नाहीत, अशा इतरांची. अस्तापोवोसारख्या स्टेशनावर त्याच हिवाळ्यात आणखी किती गारठलेले, तापाने फणफणलेले प्रवासी उतरले असतील! त्यांच्यासाठी कुणी घड्याळ थांबवलेले नाही.

श्रोतेहो, 'अतिथी' या शब्दाचा अर्थ आपले जुने लोक सांगत, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. बोलावून येतो तो पाहुणा, न बोलावता, अवेळी येतो तो अतिथी. पावसाळ्यात दरड कोसळते, पुलावर पाणी चढते, एस.टी. अडकते. डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेत मग अनोळखी माणसे येऊन थांबतात. त्या वेळी तो एकशिक्षकी शाळेचा मास्तर म्हणजे टप्पेदार, स्टेशनमास्तर, सगळे काही असतो. त्याच्या हातात हुद्दा नसतो, निधी नसतो. किल्ली तेवढी असते. खोली उघडायची की उद्या वर विचारून सांगतो म्हणायचे, हे त्यालाच ठरवायचे असते. आणि वर्गातली मुले ते पाहत असतात. अतिथीवरचा धडा मुले विसरतील, पण गुरुजींनी त्या रात्री काय केले ते विसरणार नाहीत.

विरीन फसला म्हणून त्याचा टप्पा बंद झाला नाही. त्याच्या जागी दुसरा आला असेल, त्यानेही वही उघडली असेल, घोडे जोडले असतील. दार उघडणाऱ्याला फसण्याचा धोका नेहमीच असतो, तो कोणी नाहीसा करू शकत नाही. पण दार बंद ठेवणाऱ्यालाही एक धोका असतो, आणि तो त्याच्या लक्षात येत नाही. एखादे दिवशी वादळात आपणच बाहेर असू, धुराचा वास घेत कुठल्याशा घराकडे येऊ, आणि आतला माणूस आपल्या कपड्यांकडे बघून ठरवील, की हे माणूस आहे की लांडगा.

तेव्हा आतल्या माणसाने काय करावे असे तुम्हांला वाटते, तेच उद्या तुमच्या दाराशी करा. एवढेच सांगायचे होते.